स्कूटरसाठी केलेला उतार

आमच्या घराला पायरी नव्हती. एकसुद्धा नाही. फाटकापासून दारापर्यंत बारा फूट लांबीचा सिमेंटचा उतार, आणि दारात उंबरठ्याच्या जागी फरशीत सपाट बसवलेली पितळेची पट्टी. बेंगळुराबाहेर होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याच्या अलीकडे, सरकारी कारखान्यातल्या लोकांच्या सोसायटीनं लेआउट पाडला होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. त्यात आमचं घर तिसरं. बाकी सगळ्या मोकळ्या साइट्स, खुणेचे दगड आणि नाचणीची धसकटं. जो कुणी येई तो आधी दाराकडं बघे आणि विचारी, पायऱ्या का नाहीत?

मी सांगायचे, "स्कूटरसाठी. ह्यांना स्कूटर आत घ्यायला बरं पडतं."

साफ खोटं. तो उतार माझ्यासाठी होता. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि माझा उजवा पाय गेला तो गेलाच. पायाला कॅलिपर, उजव्या हातात काठी आणि डावा हात भिंतीवर, अशी मी घरभर फिरायचे. सपाट जमिनीवर मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण पायरी आली की संपलं. कठडा असेल तर कशीबशी चढायचे. कठडा नसेल तर एकच उपाय. पायरीकडं पाठ करायची, खाली बसायचं आणि ढुंगण टेकत एकेक पायरी मागं मागं चढायचं. माहेरी सांगलीला मी तशी चढत असे, तिथं घरचीच माणसं होती. परक्यांसमोर? जीव गेला असता तरी नाही.

घराचा नकाशा ह्यांनी स्वतः काढला. इंजिनिअर माणूस. एक फूट उंच जोत्याला बारा फूट उतार, असं गणित मांडलं आणि मेस्त्रीकडून तो उतार दोनदा फोडून पुन्हा करून घेतला. मेस्त्री वैतागला. म्हणाला, "सार, पायऱ्या नसलेलं घर गोडाउन वाटतं." तेव्हाच मी ह्यांना बजावलं, "हे बघा, माझ्या पायाचं कुणाला सांगायचं नाही. स्कूटरसाठी म्हणायचं."

हे म्हणाले, "अगं, लोकांना काय तुझा पाय दिसत नाही होय?"

"लंगडते ते दिसू दे. अडते ते दिसायला नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझं आयुष्यभराचं धोरण होतं. त्या मुठीत काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आधी आम्ही इंदिरानगरात तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. तिथं निदान खिडकीतून माणसं दिसायची. इथं हे सकाळी सातला स्कूटरला किक मारून निघाले की संध्याकाळी सहापर्यंत मराठीचा एक शब्द कानावर पडत नसे. मूलबाळ नव्हतं. शहरातल्या मराठी मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू एका हॉलमध्ये व्हायचं, पहिल्या मजल्यावर. कार्ड यायचं, मी ते कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायचे आणि त्या दिवशी माझं डोकं हमखास दुखायचं. ह्यांच्या कारखान्यातल्या सगळ्यांची तेव्हा नवी घरं होत होती, आणि प्रत्येकाच्या दाराला तीन नाहीतर पाच पायऱ्या. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की मी काहीतरी निमित्त काढून ह्यांना एकट्याला धाडायचे. माझ्याकडं सगळे येऊन जायचे, छान आहे हो घर म्हणायचे. पण अख्ख्या बेंगळुरात असं एक घर नव्हतं, जिथं मी आपली आपण चालत जाऊन "आहे का कुणी घरात?" म्हणू शकले असते. एकच घर हवं होतं मला. फार काही मागत नव्हते.

मग समोरच्या कोपऱ्यावरच्या साइटवर पाया खणायला लागले आणि ती आली. तिचा नवरा ह्यांच्याच कारखान्यात, दुसऱ्या खात्यात. मूळची शिमोग्याकडची माणसं, आनेकलला भाड्यानं राहत होती. मजूर बांधकामाला पाणी मारतो म्हणतात आणि मारत नाहीत, म्हणून ती रोज बसनं यायची आणि स्वतः मारायची. पाणी आमच्या टाकीतलं. पहिल्या दिवशी रबरी नळी घेऊन आली ती फाटकातूनच ओरडली, "बंदे, अक्का!" म्हणजे, आले बरं का. आणि उतारावरून तरातरा चढून थेट माझ्या स्वयंपाकघरात. त्यानंतर रोज तेच. मी तिला अक्का म्हणायचे, ती मला अक्का. दोघींत थोरली कोण ते आम्ही कधी विचारलंच नाही.

माझं कन्नड मोडकं, तिचं हिंदी त्याहून मोडकं, पण बोलणं काही अडलं नाही. ती काफी प्यायची, माझ्या हातचं खायची आणि वर नावं ठेवायची. माझ्या पुरणपोळीला म्हणाली, "होळिगे चांगली झालीय अक्का, स्वल्प जाड आहे."

मी म्हटलं, "ही पुरणपोळी आहे, तुमची होळिगे नव्हे. आणि जाड असेल तर तुमची जीभ."

ती एवढी हसली की कपातली काफी बशीत आली. बाई गं, कितीतरी वर्षांनी मला भांडायला कुणी मिळालं होतं! सकाळी दहाच्या सुमाराला बस वळणावर हॉर्न द्यायची आणि मी दुधाचं पातेलं गॅसवर चढवायचे. ज्या दिवशी ती येत नसे त्या दिवशी ते दूध तसंच राहायचं, आणि मला उगाच तिचा राग यायचा.

पाया जमिनीच्या वर आला तेव्हाची गोष्ट. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "अक्का, मेस्त्री विचारतोय. रस्त्यावर दर वेळी डांबराचा नवा थर चढतो, घर खड्ड्यात जाईल, म्हणून पुढचं जोतं तीन फूट घेऊ म्हणतो. मग पाच पायऱ्या येतील. तुमच्यासारखा उतार हवा असेल तर जोतं खाली ठेवावं लागेल, आत्ताच सांगा म्हणतो. तुम्ही उतार कशासाठी केलात?"

माझ्या हातात उलथनं होतं. आत्ता सांग, मी मनात म्हणत होते, आत्ता सांग. अक्का, उतार कर, मला तुझ्या घरी यायचंय. एवढंच वाक्य. कन्नडात मला ते नीट येत होतं.

मी म्हटलं, "स्कूटरसाठी गं. तुमच्याकडं कुठं आहे स्कूटर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग वळून बोळातल्या भिंतीकडं बघितलं. तिथं डिस्टेंपरवर माझ्या डाव्या हाताची एक मळकट रेघ पडली होती, झोपायच्या खोलीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. तिनं त्या रेघेवरून आपला तळवा फिरवत नेला. मी तिच्यापेक्षा बुटकी, त्यात वाकून चालणारी, त्यामुळं ती रेघ तिच्या कमरेच्याही खाली येत होती. "इथं ऑइल पेंट मारा अक्का, पुसता येतो," ती म्हणाली.

मला राग आला. माझ्या भिंतीचा मळ काढणारी ही कोण? मी पोळी तव्यावर आपटली. ती "सरी", म्हणजे बरं, म्हणाली, काफी संपवली आणि पाणी मारायला गेली.

कुठली अवदसा आठवली होती मला! आता म्हातारपणी कुणाचं नवं घर होतंय म्हणून कळलं की मी तोंडावर सांगते, बाबांनो, एक तरी दार सपाट ठेवा, मला यायचंय. काही लोक हसतात, काही ठेवतातही. पण जेव्हा सांगायला हवं होतं, जिला सांगायला हवं होतं, तेव्हा माझी ही एवढी लांब जीभ टाळूला चिकटली.

घर वर चढत गेलं. पुढं पाच पायऱ्या झाल्या, लाल रंगाच्या, घोटून गुळगुळीत केलेल्या, आणि कठडा नाही. मी खिडकीतून त्या मोजायचे. पाचाच्या चार कधी झाल्या नाहीत.

वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला नवराबायको दोघं आली. ताटात कुंकू, अक्षता, विड्याची पानं. पुरुषांचं बोलणं चाललं होतं तेव्हा ती माझ्याजवळ आत आली, मला कुंकू लावलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "अक्का, तुम्ही मागनं या. क्रॉस रोडच्या बाजूला छोटं फाटक आहे, तिथनं स्वयंपाकघराचं दार. पुढं गर्दी असेल, होमाचा धूर असेल. ते दार तुमचं."

मागनं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मागच्या दारानं कोण येतं ते मला ठाऊक होतं. आणि शुभकार्यात लंगड्या बाईला पुढनं का येऊ देत नाहीत तेही ठाऊक होतं. लहानपणी मंगळागौरीला मला मागच्या ओळीत बसवायचे, नव्या नवरीची नजर पडायला नको म्हणून. तेव्हा मी आठ वर्षांची होते. हीसुद्धा तसलीच निघाली, असं माझ्या मनानं घेतलं आणि ते मी घट्ट धरून ठेवलं.

"बघते," मी म्हटलं.

गेले नाही. ह्यांना सांगितलं, ताप आहे म्हणा. हे म्हणाले, "पाचच तर पायऱ्या. मी धरतो तुला, हवं तर उचलतो." चारशे माणसांसमोर नवऱ्यानं उचलून न्यायचं? मी त्यांच्यावर एवढी खेकसले की ते निमूट एकटे गेले, पुढच्या दारानं गेले आणि मांडवात जेवून पुढच्या दारानंच आले. येताना नारळ, खण आणि केळीच्या पानात बांधलेल्या आठ होळिगे घेऊन आले. अगदी पातळ होत्या. तिनं मुद्दाम पातळ करून दाखवल्या होत्या मला. मी एकही खाल्ली नाही.

श्रावणात वरमहालक्ष्मीला तिकडं बायका घरोघर कुंकवाला जातात. मी अर्थातच गेले नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः ताट घेऊन आली. फाटकातून ओरडली नाही. म्हणाली, "मागचं फाटक उघडं ठेवलं होतं अक्का. दिवे लागेपर्यंत."

मी म्हटलं, "आमच्याकडं मागच्या दारानं भांडीवाली येते."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून न अडखळता कन्नड निघालं. तिचा चेहरा उतरला. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, तिची नजर माझ्या पायाकडं गेली आणि लगेच तिनं ती दुसरीकडं वळवली. "सरी, अक्का," म्हणाली. ताट ओट्यावर ठेवून निघून गेली. मला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर ती आली नाही. रस्त्यात दिसली तर मान हलवायची, मीही हलवायचे. तिलाही मान होताच की. कुणी इतकं टोचून बोलल्यावर कोण पुन्हा उंबरा चढेल, आणि आमच्याकडं तर चढायला उंबराही नव्हता.

पुढची सहा वर्षं मी तिच्या घरासमोर राहिले. ती कधी उठते, दारात रांगोळी कधी काढते, किती वाजता दिवा लावते, सगळं मला माहीत होतं. त्या पाच पायऱ्या कोण कोण चढतं तेही. दूधवाला चढायचा, पोस्टमन चढायचा, एकदा एक कुत्रं चढलं आणि आत जाऊन बाहेरसुद्धा आलं. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? हॉल कसा असेल, देवघर कुठल्या भिंतीला असेल, याचा मी खिडकीत बसून विचार करायचे. दहाची बस हॉर्न द्यायची आणि माझा हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडं जायचा. मग मी एकटीपुरतं दूध घ्यायचे. हे एकदा म्हणाले, "जा की गं, बोलून तर ये." मी म्हटलं, "तिनं बोलवावं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली मी.

लेआउट भरत गेला. चाळीस घरं झाली, चाळीस घरांना पायऱ्या. त्यांच्या स्कूटरी चढवायला पायऱ्यांच्या कडेनं वीतभर रुंदीच्या सिमेंटच्या पट्ट्या केलेल्या. स्कूटरची सोय सगळ्यांनी केली होती. तशी करा म्हणून त्यांना मीच तर शिकवलं होतं.

दशक संपत आलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ती दोघं शिमोग्याकडं आपल्या गावी निघाली. घर भाड्यानं द्यायचं होतं. बघायला येणाऱ्यांसाठी किल्ल्या कुणाकडं ठेवायच्या? समोर. ती किल्ल्या घेऊन आली ती आमच्या फाटकाशीच थांबली आणि तिथनंच ह्यांच्या हातात दिल्या. मी खिडकीत होते. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "बर्तीनी, अक्का." येते, असं. जाताना आपण म्हणतो तसंच. मी हात वर केला. सामानाची गाडी गेली, मागनं ती दोघं रिक्षानं गेली.

पंधरा दिवसांनी एका दुपारी एक मुलगी घर बघायला आली. पुण्याची, कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागलेली. "काकू, किल्ली तुमच्याकडं मिळेल म्हणाले," असं तिनं मराठीत म्हटलं आणि मला तिला आत बसवून घ्यावंसं वाटलं, पण ती घाईत होती. अर्ध्या तासानं परत आली.

"काकू, घर मस्तच आहे एकदम. पण बॅकसाइडला तो रॅम्प कशाला केलाय एवढा मोठा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "स्कूटरसाठी असेल." जळली मेली सवय.

ती हसली. "काकू, स्कूटरला कुणी रेलिंग लावतं का? दोन्ही साइडला आहे. आणि ते पण केवढं खाली, इथं." तिनं स्वतःच्या कमरेच्या खाली हात धरून दाखवला. "कुणी पेशंट होतं का त्यांच्याकडं?"

"नाही," मी म्हटलं. "पेशंट कुणी नव्हतं."

ती गेली. किल्ल्या माझ्या मुठीत होत्या. भिंतीवरची रेघ समोर होती. ऑइल पेंट मी कधी मारलाच नव्हता. मी त्या रेघेवर तळवा टेकला. मग काठी घेतली आणि ह्यांची वाट न बघता उतारावरून खाली रस्त्यावर आले.

रस्ता ओलांडला. तिच्या कंपाउंडच्या भिंतीला हात लावत क्रॉस रोडला वळले. सहा वर्षांत मी त्या बाजूला एकदाही गेले नव्हते. तो रस्ता पुढं मोकळ्या माळावर संपायचा, जायचं कारणच नव्हतं. जमीन मागं चढती होती, त्यामुळं पुढं तीन फूट असलेलं जोतं मागं जेमतेम दीड फुटावर आलं होतं. छोट्या फाटकातून आत गेले. मागच्या भिंतीला लागून उतार होता, लांबच लांब, आमच्यापेक्षाही सौम्य. पाय घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर काथ्या दाबून उठवलेल्या आडव्या रेघा होत्या. दोन्ही बाजूंना नळाचे लोखंडी पाइप बसवलेले, एक चढताना माझ्या डाव्या हाताला, दुसरा उतरताना.

पाइपांना हिरवा रंग होता. उन्हानं फिका पडलेला, पण कुठंही घासलेला नाही. रोज हात लागून कठड्याचा रंग जातो आणि खालचं लोखंड चकाकायला लागतं, तसं त्यावर कुठंच झालं नव्हतं.

मी डावा हात टाकला. खाली बघावं लागलं नाही, पाइप तिथंच होता. बरोबर माझ्या रेघेच्या उंचीवर. मी चढले. मध्ये एकदा थांबले, दम लागला म्हणून नव्हे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात अडकलेले, पुसणार कशानं?

स्वयंपाकघराच्या दाराचं कुलूप काढलं. उंबरठा नव्हता. फरशीत पितळेची पट्टी बसवली होती, सपाट, आमच्या दारात आहे तशीच. आत ओटा होता, रिकामी फडताळं होती, आणि कॅलेंडर काढलेल्या जागी भिंतीवर एक पांढरा चौकोन. चुलीजवळच्या फरशीवर तेलाचा डाग होता. होळिगे तिथंच केल्या असतील तिनं.

मी पट्टी ओलांडून आत पाऊल टाकलं आणि म्हटलं, "बंदे, अक्का."

मग जरा मोठ्यानं, पुन्हा म्हटलं.